न ठरलेल्या सुनेच्या मापाचा ओटा

"दिवाळीच्या आत होईल ना?" हा प्रश्न मी एकतीस वर्षं ऐकला. लोक गुडघ्याचं ऑपरेशन चार वर्षं पुढं ढकलतात, छत गळत असलं तरी पुढच्या पावसाळ्यात बघू म्हणतात, पण किचन मात्र वसुबारसेच्या आत झालं पाहिजे. त्यामुळं अख्खं शहर चकल्या तळत असताना मी कुणाच्या तरी घरी बिजागऱ्या तपासत असायचे. गेल्या वर्षी काम बंद केलं आणि यंदा या दिवाळी अंकाच्या संपादकांनी गाठलं. "मॅडम, तुमच्या यशस्वी वाटचालीवर लिहा." वाटचाल म्हणाल तर ती बहुतेक सिडकोतल्या जिन्यांवरून झाली, लिफ्ट बंद असताना. तिच्यात वाचण्यासारखं काही नाही. त्यापेक्षा मी ओट्याबद्दल लिहिते.

माझा धंदा म्हणजे जुनी स्वयंपाकघरं फोडून नवी करून देणं. आराखडा माझा, लाकूडकाम युसूफभाईंचं, आणि काम झालं की फोटो पुन्हा माझे. युसूफभाई माझे सुतार. सव्वीस वर्षं आम्ही एकत्र काम केलं आणि त्या सव्वीस वर्षांत त्यांनी माझ्या एकाही आराखड्याला पहिल्या फटक्यात बरं म्हटलं नाही. फोटो मी स्वतःच काढायला लागले, कारण एकदा लग्नाच्या फोटोग्राफरला बोलावलं, तर त्यानं चिमणीभोवती गुलाबाच्या पाकळ्यांची महिरप काढून आणली. खाली 'शुभविवाह' लिहायचं तेवढं राहिलं होतं.

या धंद्यातलं सगळं शहाणपण एका मापात आहे. स्वयंपाक करणाऱ्या माणसाला सरळ उभं करायचं, हात कोपरात वाकवायला सांगायचा आणि कोपराच्या चार-पाच इंच खाली ओटा धरायचा. भाकऱ्या थापणारी असेल तर अजून इंचभर खाली, कारण भाकरी मनगटानं नाही, खांद्यानं थापली जाते. ओटा उंच झाला तर खांदे जातात, फार खाली गेला तर कंबर जाते. याला पदवी लागत नाही, टेप लागते. तरीही एकतीस वर्षांत ओट्याची उंची मला बहुतेक घरांत पुरुषांनी सांगितली, आणि त्यातले बहुतेक चहासुद्धा मागवून पिणारे होते. एका निवृत्त इंजिनिअर साहेबांनी लेझरचं यंत्र आणून भिंती मोजल्या, खिडकी मोजली, मिक्सर मोजला, मिक्सरचं झाकणही मोजलं. मी विचारलं, "आणि बाईंची उंची?" ते म्हणाले, "नॉर्मल आहे."

फोटोचं शास्त्र वेगळं. आमच्याकडं नळाला पाणी येतं तो दिवस सणासारखा पाळतात, त्यामुळं प्रत्येक स्वयंपाकघरात एक निळा ड्रम असतो आणि तो कुठल्याही कॅटलॉगमध्ये नसतो. फोटोच्या आधी पहिलं काम, ड्रम न्हाणीघरात ढकलायचा. मग घागरी, तवा, मिसळणाचा डबा, पुसायचं फडकं, देवाचं कॅलेंडर, म्हणजे ज्यांच्यावर घर चालतं ते सगळं बाहेर. त्यानंतर माझ्या टोपलीतलं सामान आत यायचं: चार हिरवी सफरचंदं, एक प्लास्टिकची वेल आणि पास्त्यानं भरलेली काचेची बरणी. तो पास्ता नऊ वर्षांचा होता. शहरातल्या निम्म्या चांगल्या घरांत तो राहून आला, पण शिजला एकदाही नाही.

गारखेड्यातल्या एका बाईंकडं काम झाल्यावर सहा महिन्यांनी गेले, तर त्या बाल्कनीत शेगडी मांडून पुऱ्या तळत होत्या. नव्या किचनमध्ये म्हणे तळणाचा वास बसतो. "मग ते किचन?" मी विचारलं. "ते पाहुण्यांसाठी," त्या म्हणाल्या. पाहुणे येऊन पुऱ्या तळणार होते का, हे मी विचारलं नाही. माझे फोटो काढून झाले होते, आणि फोटो झाले की माझी उत्सुकता संपत असे. हे असं आज लिहिताना बरं वाटत नाही, पण आहे ते आहे.

आता बप्पांची गोष्ट सांगते. तिच्यासाठीच लिहायला बसले आहे.

बप्पा पैठण रोडवर बिडकीनच्या पुढं राहतात. गावात सगळे त्यांना बप्पाच म्हणतात, म्हणून मीही म्हणायला लागले. आठ एकर मोसंबी, पक्कं घर, आणि एकुलता एक मुलगा दत्ता. दत्ता तेव्हा तेहतीस वर्षांचा, शेतकीचा पदवीधर. दारू नाही, तंबाखू नाही, आवाज चढवून बोलणं नाही. लग्नाच्या बाजारात या तिन्ही गुणांना मिळून एका मोसंबीचाही भाव नव्हता. सात स्थळं परत गेली होती. प्रत्येक वधुपिता स्वतः शेतकरी आणि प्रत्येकाला जावई मात्र कंपनीतला हवा, तोही पुण्यातला. शेवटी एका मध्यस्थानं बप्पांच्या कानात सांगितलं की मुली हल्ली किचन बघतात. झालं. बप्पांनी मला बोलावलं.

मी टेप काढली आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "स्वयंपाक कोण करणार?"

"सून," बप्पा म्हणाले.

"त्यांना बोलवा. माप घेते."

बप्पांनी दत्ताकडं बघितलं. दत्तानं खिडकीतून बागेकडं बघितलं.

"अजून ठरली नाय," बप्पा म्हणाले.

युसूफभाईंनी हातातली पेन्सिल परत कानावर ठेवली आणि माझ्याकडं वाकून पुटपुटले, "दुल्हन का पता नै मॅडम, और अपन ब्लाउज सीने बैठे."

बप्पा मात्र तयारीत होते. "पाच फूट चार इंच धरा," ते म्हणाले. "बायोडाट्यात अपेक्षा तेवढीच लिवलीय."

तेवढ्यात दत्ताची आई, गयाबाई, चहा घेऊन आल्या. वय माझ्याएवढंच, उंची जेमतेम चार फूट नऊ इंच. दोन्ही गुडघे कुरकुरणारे, हे त्यांच्या चालण्यावरून कळत होतं. माझे डोळे या कामाला सरावलेले आहेत. त्यांना बघताक्षणी माझ्या मनात आकडा आला: तीस इंच. आणि त्याच क्षणी दुसरा विचार आला, की तीस इंचांचा ओटा फोटोत बुटका दिसतो. मी वहीत चौतीस लिहिलं आणि चहा घेतला. चहा छान होता, आलं टाकलेलं होतं.

जुना ओटा फोडला तशी गयाबाईंची चूल घराबाहेर गेली. मागच्या अंगणात पत्र्याचं छप्पर होतं, तिथं त्यांनी शेगडी जमिनीवर मांडली, परात दोन विटांवर. "चार-आठ दिवसांचा प्रश्न आहे," मी म्हटलं. काम दीड महिना चाललं. उत्तम झालं, हेही सांगते. बागेकडं मोठी खिडकी काढली, काळा ग्रॅनाइट बसवला, ड्रॉवर असे की बोटानं ढकलले तरी आवाज न करता बंद व्हायचे. जाताना मी बजावलं, "फोटो होईपर्यंत काही वापरू नका. प्लास्टिक काढू नका."

फोटोच्या दिवशी दत्ता बागेतली मोसंबी टोपलीभर घेऊन आला. "मॅडम, ही ठेवा की वट्यावर. आपलीच हायेत."

"पिवळा रंग त्या काळ्यावर जात नाही," मी म्हटलं, आणि शहरातून विकत आणलेली चार हिरवी सफरचंदं मांडली. आठ एकर मोसंबीच्या घरात. गयाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. पास्त्याची बरणी बघून त्यांनी विचारलं, "हे काय म्हनायचं, कुरडयाचा चुरा?"

"पास्ता."

"कवा खातेत?"

"खात नाहीत. फोटोत ठेवतात."

त्यांनी समजल्यासारखी मान हलवली. मग मी त्यांना जरा बाजूला सरकायला सांगितलं, कारण त्यांच्या पदराचं टोक चौकटीत येत होतं.

तो फोटो दत्ताच्या बायोडाट्याबरोबर मराठवाडाभर फिरला. स्वतःच्या कामाची इतकी प्रसिद्धी मी कधी पाहिली नव्हती. वर्षभरानं एक बाई माझ्याकडं आल्या आणि मोबाइल पुढं केला. त्यात माझाच फोटो. "लेकीला स्थळ आलं होतं यांचं," त्या म्हणाल्या. "मुलगा नको म्हणाली ती. पण किचन मला अगदी असंच हवंय." मी त्यांना असंच करून दिलं.

तीन वर्षांनी बप्पांचा फोन आला. रविवारी मुलीकडचे घर बघायला येणार होते. मुलगी शहरात पॅथॉलॉजी लॅबमध्ये कामाला, नाव वैशाली, आणि मुख्य म्हणजे तिनंच सांगितलं होतं की शेतकरी चालेल. बप्पांच्या आवाजात घाई होती. दोन ड्रॉवर उघडत नव्हते. मी युसूफभाईंना घेऊन रविवारी सकाळीच पोचले.

आत गेले आणि उभीच राहिले. मी सोडून गेले होते तसंच सगळं होतं. हँडलवरचं प्लास्टिक पिवळं पडलेलं, चिमणीला कंपनीचा कागद लटकलेला, ओट्यावर सतरंजी अंथरलेली. ड्रॉवर अडकले होते, कारण तीन वर्षांत ते कुणी ओढलेच नव्हते.

"वापरत नाही तुम्ही?" मी विचारलं.

"सुनंसाठी ठिवलंय," बप्पा म्हणाले. "तुमीच म्हनला व्हता, प्लास्टिक काढू नका."

"फोटो होईपर्यंत म्हटलं होतं, बप्पा."

"फोटो चालूच हाय की अजून," ते अगदी सरळपणे म्हणाले.

युसूफभाईंनी हत्यारांची पिशवी उघडली. आम्ही ड्रॉवर दुरुस्त करायला लागलो. अर्ध्या तासात पाहुणे आले. आईवडील, मामा आणि वैशाली. पोहे झाले, चहा झाला, बागेची चौकशी झाली. मग बप्पांनी छाती पुढं काढून सगळ्यांना किचनमध्ये आणलं. मी कोपऱ्यात स्क्रू आवळत होते. माझी ओळख 'शहरातल्या मोठ्या मॅडम' अशी करून देण्यात आली. हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मोठं दिसणं अवघड असतं.

वैशालीनं एक ड्रॉवर उघडला, बंद केला. ओट्यावरून बोट फिरवलं. मग गयाबाईंकडं वळून विचारलं, "आजचे पोहे कुठं केले, मावशी?"

"मागं केले," गयाबाई म्हणाल्या. "हे तुझ्यासाठी ठिवलंय, बाई. तीन सालं हात लावला नाय कुनी."

"मागं म्हणजे?"

गयाबाईंनी मागचं दार दाखवलं. वैशाली गेली. पाठोपाठ दत्ता गेला. दार उघडंच होतं, त्यामुळं मला सगळं दिसत आणि ऐकू येत होतं. काळवंडलेला पत्रा, जमिनीवर शेगडी, दोन विटांवर परात, आणि भिंतीला आडवा ठोकलेला एक बांबू. तो कशासाठी, असं तिनं विचारलं. दत्ता खाली बघत म्हणाला, "आईला उठताना धरायला."

तिनं तो बांबू हातानं हलवून बघितला. मग म्हणाली, "राग मानू नका. माणूस म्हणून तुम्ही मला आवडला होतात. पण ज्या किचनला तीन वर्षं आईला हात लावू दिला नाही, ते मला पहिल्या दिवशी देणार तुम्ही. मी जुनी झाल्यावर मला कुठं बसवाल?"

दत्तानं तिला आत येण्यासाठी दार धरलं. पाहुणे रीतीप्रमाणं 'कळवतो' म्हणून गेले आणि कळवायचं तेच कळवलं. बाराव्या स्थळाला दत्ताची शेती नडली नव्हती, पुणं नडलं नव्हतं. माझं किचन नडलं होतं.

पंधरा दिवसांनी दत्ताचा फोन आला. "मॅडम, ओटा खाली करून द्या. आईच्या मापाचा."

आम्ही गेलो तेव्हा बप्पा ओसरीवर पाठ फिरवून बसले होते. "कापा," ते म्हणाले. "गावाला दवंडी पण द्या, की ह्या घरात आता सून येत नाय म्हनून." त्यांच्या लेखी ते कापणं म्हणजे पोराच्या लग्नावर पाणी सोडणं होतं. आणि खरं सांगायचं तर गयाबाईंचंही तेच म्हणणं होतं. त्या ओट्याला पाठ लावून उभ्या राहिल्या, लहान मुलीसारख्या दोन्ही हात पसरून.

"नगं रं दत्ता. असू दे. मपलं काय, मागं चालतंय. यील कुनीतरी."

"येऊ दे की," दत्ता म्हणाला. "आली तर आली. पण तू मागं बसायची नाय आता."

"लोक काय म्हनतील?"

"अकरा जण नको म्हणून गेले, आई. ते लोकच व्हते ना? बारावी खरं बोलून गेली."

युसूफभाईंनी मधला मार्ग काढला. गॅसच्या बाजूला साडेचार फुटांवर ग्रॅनाइटचा जोड होता. तेवढाच तुकडा उचलायचा आणि चार इंच खाली घ्यायचा. सिंकची बाजू राहील तशीच. "आधा अम्मा का, आधा आनेवाली का," ते म्हणाले. गयाबाईंना हे पटलं. ओट्याला अशी पायरी पडलेली कुठल्याही कॅटलॉगमध्ये चूक मानतात. सव्वीस वर्षांत युसूफभाईंनी सुचवलेलं आणि मी विनातक्रार मान्य केलेलं हे एकमेव काम.

मी टेप काढली. "गयाबाई, हात कोपरात वाकवा." त्यांनी वाकवला. कोपरापासून जमिनीपर्यंत मोजलं, पाच इंच वजा केले. तीस. तीन वर्षांपूर्वी चहा पिताना आला होता तोच आकडा.

दोन दिवसांत काम झालं. ग्रॅनाइट फुटला नाही. गयाबाईंनी नव्या तुकड्याला हळदीकुंकू वाहिलं, नमस्कार केला, आणि परात उचलून मागच्या दाराकडं निघाल्या.

"कुठं?" दत्तानं विचारलं.

"भाकरी टाकते. तुमाला भुका लागल्या असतील."

"आई, इथं टाक."

"आजच घाण कशाला करायची? सनावाराला करू की हितं."

मला तेव्हा कळलं की ओटा कापून भागत नाही. तीन वर्षांत त्या बाईला स्वतःच्याच घरात पाहुणी करून ठेवली होती, आणि ते काही युसूफभाईंच्या मशीननं कापता येणार नव्हतं. दत्तानं मात्र पुढं वाद घातला नाही. त्यानं आईच्या हातातली परात घेतली, नव्या ओट्यावर ठेवली, पीठ ओतलं, पाणी ओतलं आणि मळायला लागला. पाणी जास्त झालं. मग पीठ जास्त झालं. सहा फुटी माणूस तीस इंचांच्या ओट्यावर वाकून भाकरी थापत होता. भाकरीला कडा सोडून सगळं काही होतं. ती त्यानं कशीबशी तव्यावर टाकली. गयाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांचे हात पदरात हलत होते.

"पानी फिरव वरून," त्या म्हणाल्या.

दत्ता पाणी शोधायला लागला.

"अरं, करपली की."

त्याला उलथनं सापडेना. धूर निघाला. "सर तिकडं," गयाबाई म्हणाल्या, आणि त्याला दोन्ही हातांनी बाजूला ढकलून ओट्यापाशी उभ्या राहिल्या. करपलेली भाकरी काढली, तवा पुसला, पीठ सारखं केलं आणि थापायला घेतलं. खांद्यातून. मनगटातून नाही. दुसरी भाकरी टम्म फुगली. तिसरी, चौथी. आठ भाकऱ्या झाल्या आणि त्या एकदाही वाकल्या नाहीत, कशाला धरून उठल्या नाहीत. मग हात थांबवून त्यांनी खिडकीकडं बघितलं.

"उजेड लई हाय की हितं," त्या म्हणाल्या. "भाकरी दिसायली. मागं मी अंदाजानंच भाजत व्हते."

मला रडू आलं. मी कपाटाची बिजागरी तपासायला लागले, तिला काही झालेलं नव्हतं.

आम्ही जेवायला तिथंच बसलो. भाकरी, मेथीची भाजी, ठेचा. बप्पाही ओसरीवरून उठून आले. दोन घास त्यांनी मुकाट्यानं खाल्ले आणि माझ्याकडं न बघता म्हणाले, "तीन सालांत हिनं एकदा बी मागितलं नाय, मॅडम. एकदा बी."

एकतीस वर्षं अशा वाक्यांवर माझी जीभ तयार असते. मी लगेच म्हटलं, "तुम्ही कधी विचारलंत का?"

बप्पांनी घास खाली ठेवला. रागावले नव्हते. खरंच विचार करत होते. "नाय," ते म्हणाले. "मी अडानी मानूस, नाय सुचलं. तुमच्या तर हातात टेप व्हती. तुमी तरी इचारलं का?"

युसूफभाई ताटात बघत राहिले. मला वहीत लिहिलेलं ते चौतीस आठवलं, आजही आठवतं. दत्ताचं लग्न अजून ठरलेलं नाही. सिंकच्या बाजूचा ओटा अजून चौतीस इंचच आहे. त्या दुपारी मी भाकरीचा तुकडा हातात धरून नुसती बसून राहिले होते. गयाबाई आमच्यामागं उभ्या होत्या. त्यांनी तव्यावरची नवी भाकरी माझ्या ताटात टाकली.

"जेवा बाई," त्या म्हणाल्या. "गरम हाय तोवर."